पाण्याखालचा कान

आमच्या बिरसीला लोक ओळखतात ते विमानतळामुळे. गोंदियापासून बारा-तेरा किलोमीटरवरचं गाव. सभोवती धानाच्या बांध्या, बोड्या, आणि इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधलेली धावपट्टी. म्हणजे आकाशाशी आमचं नातं तसं जुनं आहे. समुद्राशी मात्र काडीचाही संबंध नाही. कुठल्याही दिशेला निघा, सरळ रेषेत मोजलं तरी समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. माझ्या आईवडिलांनी तो कधी पाहिला नाही. मी पाहिला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेलो तेव्हा.

तरीही आज मी लिहिणार आहे ते समुद्राबद्दल. त्यातही पाणबुडीच्या मागे पाण्यावर तरंगत जाणाऱ्या एका तारेबद्दल, आणि त्या तारेच्या पोटात बसवलेल्या बोटाएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल. मी बी.ए. झालेला माणूस, विषय इतिहास आणि मराठी. मला हे कुठून सुचलं, असं वाटेल. आमच्या घरच्यांना या गोष्टीचा अर्धा भाग माहीत आहे. उरलेला अर्धा मी कोणाला सांगितलेला नाही. तो आज लिहितो.

सुरुवात करावी लागेल १९८२ च्या सुमाराला. आमच्या शाळेत त्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक नव्हते, म्हणून आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. खेड्यातल्या शाळेत ही काही नवलाची गोष्ट नाही. रात्री पुस्तक वाचायचं आणि सकाळी शिकवायचं. 'ध्वनी' आणि 'लहरी' शिकवताना एका पोराने विचारलं, "गुरुजी, रेडिओ पाण्याखाली वाजते का?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. मग ठरवलं, करूनच बघू. माझा ट्रान्झिस्टर दोन पॉलिथीनच्या पिशव्यांत घातला, तोंडं सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळली, खाली वीट बांधली. ट्रान्झिस्टरला एका कानाचा इअरफोन असायचा, त्याची वायर जोडून लांब केली आणि सगळा वर्ग घेऊन गावाबाहेरच्या बोडीवर गेलो. छातीभर पाण्यात रेडिओ सोडला. इअरफोन कानाला लावला तर आकाशवाणी नागपूर छान ऐकू येत होतं! प्रत्येक पोराने कान लावून पाहिला. टाळ्या पडल्या. मी ऐटीत जाहीर केलं, "पाहिलंत? रेडिओच्या लहरींना पाण्याची अडचण नाही."

तेव्हा मागे उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "पण गुरुजी, वायर तं वर येऊन रायली ना! त्या वायरनंच पकडलं असन."

मी त्याला म्हटलं, "शहाणपणा करू नको, खाली बस." तो बसला. वर्ग हसला.

हा पोरगा पुढे नौदलात गेला, आणि काही वर्षांनी पाणबुडीवर.

१९९० च्या आसपासची गोष्ट. त्याची आई शनिवारच्या दिवशी वाटेत भेटली. शेतमजुरी करणारी बाई, अक्षरओळख नाही. म्हणाली, "गुरुजी, माहा पोरगा पान्याखाली रायते म्हन्तेत. घरी काही बरंवाईट झालं तं त्याले खबर कशी जाईन?" मला बोडी आठवली. मी ठामपणे सांगितलं, "काळजी नको करू बाई. रेडिओ पाण्याखालीही पोचते. मी स्वतः करून पाहिलं आहे." तिचा चेहरा फुलला. गुरुजींनी सांगितलं म्हणजे झालंच.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हे सांगायला हवं की माझी चूक नेमकी कुठे झाली. त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मी नंतर बराच वाचला.

पहिली चूक म्हणजे बोडी आणि समुद्र यांत मी फरकच केला नाही. बोडीचं पाणी गोडं, समुद्राचं खारं. खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि जे वीज वाहून नेतं ते रेडिओची लहर गिळून टाकतं. समुद्राचं पाणी आपल्या तळ्यातल्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त चांगलं वीजवाहक असतं. आकाशवाणी नागपूरची मीडियम वेव्ह ५८५ किलोहर्ट्झवर. ही लहर समुद्रात शिरली की दर फुटाला साधारण एकतृतीयांश उरते. एक फूट खाली गेलं की तिसरा हिस्सा, दोन फुटांवर नववा, तीन फुटांवर सत्ताविसावा. माझा ट्रान्झिस्टर छातीभर खाऱ्या पाण्यात सोडला असता तर त्यातून नागपूर ऐकू येण्याची आशा नव्हती. बोडीत तो वाजला हे खरं. पण बोडीवरून मी समुद्राचा निकाल लावला, ते चुकलं.

मग पाणबुडीला कोणी हाक मारायची तर कशी? त्याचं उत्तर फार पूर्वीच सापडलं होतं: लहर जितकी लांब, म्हणजे कंपनसंख्या जितकी कमी, तितकी ती पाण्यात खोल जाते. २० किलोहर्ट्झच्या आसपासची लहर समुद्रात दर पुरुषभर खोलीला एकतृतीयांश होते, फुटाफुटाला नाही. यांना 'अतिनीच कंपनसंख्येच्या' लहरी म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून व्हीएलएफ. ही एक लहर किती लांब असते? १८ किलोहर्ट्झची लहर सोळा किलोमीटरहून जास्त. बिरसीत सुरू झाली तर गोंदिया शहर ओलांडून पुढे जाऊन संपेल, एवढी एकच लहर! एवढी लांब लहर निर्माण करायला डोंगराएवढे मनोरे आणि प्रचंड वीज लागते. इंग्लंडमध्ये रग्बी इथे १६ किलोहर्ट्झचं असं केंद्र १ जानेवारी १९२६ ला सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी काल्बे गावाजवळ 'गोलिएथ' नावाचं केंद्र बांधलं. १९४३ साली ते चालू झालं, ताकद एक हजार किलोवॅट. अटलांटिकमध्ये पाण्याखाली असलेल्या जर्मन पाणबुड्यांना ते हाक मारी. युद्ध संपल्यावर रशियनांनी ते उखडून नेलं आणि आपल्या देशात पुन्हा उभारलं. केवढं मोल होतं बघा त्याचं!

आपल्याकडे असं केंद्र उभं राहिलं ते तामिळनाडूत, तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम इथे. नाव आयएनएस कट्टबोम्मन. २० ऑक्टोबर १९९० रोजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हस्ते ते नौदलात दाखल झालं. तिथले मनोरे ४७१ मीटर उंच आहेत. कुतुबमिनार ७२-७३ मीटरचा, त्यावरून अंदाज करावा. गंमत म्हणजे मी त्या माउलीला 'खबर जाते' असं सांगितलं त्याच सुमाराला हे केंद्र सुरू होत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पण हाक कितीही मोठी मारली तरी ऐकणाऱ्याचा कान कसा आहे यावर सगळं अवलंबून. वीस किलोहर्ट्झची लहर पुरुषभर खोलीला एकतृतीयांश होते म्हटलं, तर दहा पुरुष खोलीवर किती उरेल? हिशेब करून पाहिला. वीस हजारावा हिस्साही उरत नाही. म्हणजे ऐकायचं असेल तर पाणबुडीने पृष्ठभागाच्या जवळ यायला हवं. आणि पृष्ठभागाजवळ येणं म्हणजे शत्रूला दिसणं. पाणबुडीचं सगळं बळ न दिसण्यात. खोल राहावं तर ऐकू येत नाही, ऐकावं तर खोल राहता येत नाही, असा हा पेच.

तो सोडवला तरंगत्या तारेने. पाणबुडी खोलच राहते आणि आपल्या मागे काही शे मीटर लांबीची केबल सोडते. केबलच्या आवरणात हवेचे बारीक बुडबुडे असलेलं प्लॅस्टिक असतं, त्यामुळे ती पाण्यापेक्षा हलकी होते आणि तिचा शेवटचा भाग वर येऊन पाण्याच्या अगदी कातडीखाली आडवा तरंगतो. हा शेवटचा भाग म्हणजे अँटेना. त्याचं टोक समुद्राच्या पाण्याला टेकलेलं असतं, तिथे विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. शरीर खाली आणि कान वर! अण्वस्त्रं घेऊन महिनोन्‌महिने दडून राहणाऱ्या पाणबुड्या १९६० नंतर समुद्रात उतरल्या, तेव्हापासून या तारेला फार महत्त्व आलं.

आता मूळ मुद्दा, अ‍ॅम्प्लिफायरचा. तो समजायला मला पाणबुडी लागली नाही, टीव्ही पुरला. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या भागातले टीव्ही थोडे आणि प्रक्षेपण दूरचं. उंच बांबूवर अँटेना बांधायचा, तरी पडद्यावर राम कमी आणि मुंग्या जास्त. मग एका घरी बूस्टर आणला. आणणाऱ्याने तो टीव्हीशेजारीच जोडला. परिणाम असा की राम थोडा ठळक झाला आणि मुंग्याही तेवढ्याच ठळक झाल्या! मग गोंदियाहून एक जाणकार मेकॅनिक आला. त्याने बूस्टर काढून वर बांबूवर, अँटेनाच्या अगदी गळ्याशी बांधला. चित्र एकदम स्वच्छ. मी विचारलं, "बूस्टर तोच, मग हे कसं?" तो म्हणाला, "गुरुजी, केबलमधून खाली येईपर्यंत अर्धा माल सांडते. सांडल्यावर वाढवून काय फायदा? सांडायच्या आधी वाढवा लागते." दुसरी गंमत त्याने दाखवली ती अशी की वरच्या बूस्टरला लागणारी वीज त्याच केबलमधून वर जाते आणि चित्र त्याच केबलमधून खाली येतं. एकाच रस्त्याने दोन्ही वाहतुकी.

तरंगत्या केबलचं तंत्र नेमकं हेच आहे. अँटेनाचा तुकडा संपतो आणि पाणबुडीकडे जाणारी लांब केबल सुरू होते, त्या सांध्यावर अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. वीज पाणबुडीतून केबलमार्गे त्याच्याकडे जाते, सिग्नल त्याच केबलने परत येतो. लांब केबलमध्ये जे सांडायचं ते सांडण्याआधीच सिग्नल धडधाकट झालेला असतो. शिवाय पाणबुडी म्हणजे मोटारी, पंप आणि विजेच्या तारा यांनी भरलेला लोखंडी डबा. तिच्या जवळ विजेची कुजबुज फार. कान त्या गोंगाटापासून दूर ठेवलेला बरा.

कान गोंगाटापासून दूर ठेवायचा हे शहाणपण महाराष्ट्राला जुनंच आहे. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी 'बीम' सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचं केंद्र तिथून लांब दौंडला ठेवलं होतं. बोलणारं तोंड एका गावी, ऐकणारा कान दुसऱ्या गावी. आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली, तिथेही पहिला अ‍ॅम्प्लिफायर खाली खोलीत नसून वर तबकडीच्या केंद्रापाशी आहे. दूरच्या दीर्घिकांचा क्षीण आवाज असो की पाण्याखालचा संदेश, नियम तोच. माल सांडायच्या आधी वाढवा.

मात्र बांबूवरच्या बूस्टरला मोकळी हवा होती. केबलमधल्या बूस्टरच्या नशिबी फार हाल. केबल पाणबुडीच्या आत रिळावर गुंडाळायची असते आणि एका घट्ट भोकातून बाहेर सोडायची असते. आतल्या बाजूला माणसं, बाहेर समुद्र, आणि मध्ये ते भोक. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर केबलपेक्षा जाड असून चालत नाही. बोटाएवढ्या जाडीत सगळा संसार. काचेच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात हे अवघडच होतं, कारण व्हॉल्व्हला जागा लागते आणि तो तापतो. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि वाट मोकळी झाली. माझ्या बोडीतल्या रेडिओला नाव देणारा तो हाच. मग लांबट, अरुंद पट्टीवर सुटे भाग एकामागे एक बसवायचे, मालगाडीच्या डब्यांसारखे. केबल रिळावर वळली तर ते तुटू नयेत. खोलीवर ओढली गेली तर दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो, तो सोसला पाहिजे. पाण्याचा एक थेंब आत गेला की कारभार आटोपला. आणि बिघडला तर दुरुस्त करायला कोण जाणार?

इथपर्यंत मला समजलं तेव्हा वाटलं, बस, खूप ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लावला की काम झालं. पण खरी मेख पुढेच आहे. अ‍ॅम्प्लिफायरला चांगलं-वाईट कळत नाही. जे येईल ते तो वाढवतो. संदेशही वाढवतो आणि गोंगाटही. वर स्वतःच्या पोटातला थोडा गोंगाट त्यात मिसळतो. ट्रान्झिस्टरमधून वाहणारी वीज अगदी एकसारखी कधीच नसते, ती सतत बारीक थरथरत असते. तीच आपल्याला 'खर्रर्र' अशी ऐकू येते. कंपनसंख्या जितकी कमी तितकी यातली एक थरथर वाढत जाते. म्हणजे नेमकं जिथे काम आहे तिथेच त्रास.

बाहेरचा गोंगाट कुठून येतो? विजांमधून. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे ढग आले की आमच्याकडे मीडियम वेव्हवर कडकड सुरू होते, हे जुन्या लोकांना आठवत असेल. व्हीएलएफमध्ये ही कडकड हजारो किलोमीटर प्रवास करते, कारण या लहरी जमीन आणि आकाशातला आयनांचा थर यांच्यामधून, जणू दोन भिंतींमधल्या बोळातून, लांब लांब जातात. पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी चाळीसहून जास्त विजा चमकत असतात. त्या सगळ्यांचा कल्लोळ त्या तारेत ऐकू येतो.

आता गंमत बघा. वर, पृष्ठभागाजवळ, विजांचा कल्लोळ मोठा असतो आणि त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायरची खरखर नगण्य. तार जसजशी खोल जाते तसतसा संदेश क्षीण होतो, पण विजांचा कल्लोळही त्याच प्रमाणात क्षीण होतो. दोघंही सारख्याच हप्त्याने उतरतात. म्हणजे संदेश आणि गोंगाट यांचं प्रमाण तेच राहतं, आणि संदेश वाचता येतो! फक्त अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर काही खोलीबरोबर कमी होत नाही. एका खोलीवर अशी वेळ येते की बाहेरचं सगळं त्या खरखरीखाली जातं. तिथे ऐकणं संपलं. थोडक्यात, पाणबुडीचा कान किती खोल ऐकतो हे ठरवण्यात त्या बोटाएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या शांतपणाचा मोठा वाटा असतो. ताकद त्यानंतरची गोष्ट. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. तीस-पस्तीस वर्षं वर्गात मी मोठ्या आवाजाने शिकवलं. चांगल्या ऐकणाऱ्याचं पहिलं लक्षण स्वतः गप्प असणं, हे मला एका यंत्राने शिकवलं.

आणखी दोन अडचणी सांगून हा भाग संपवतो. एक, तार लाटांबरोबर हलते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्यात आपोआप बारीकशी वीज तयार होते, म्हणजे समुद्र शांत नसेल तर कानात आणखी एक गुणगुण. दोन, ही तार सगळ्या दिशांना सारखं ऐकत नाही. आपल्या लांबीच्या रेषेत, म्हणजे पुढे आणि मागे, तिला चांगलं ऐकू येतं. बाजूने आलेलं जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणून संदेश घ्यायचा असेल तर कप्तानाला पाणबुडीचं तोंड तरी केंद्राकडे करावं लागतं, नाहीतर पाठ. आणि वेगही कमी ठेवावा लागतो, कारण वेग वाढला की तार खाली ओढली जाते. हाक ऐकायला थोडं थांबावं लागतं आणि दिशा धरावी लागते, हे माणसांनाही लागू आहे म्हणा.

याहून खोल ऐकायची खटपट अमेरिकेने केली. विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत ७६ हर्ट्झवर चालणारी केंद्रं १९८९ ते २००४ चालली. ती हाक फार खोल जायची, पण इतकी सावकाश की तीन अक्षरं पाठवायला पंधरा मिनिटं. एवढ्यात सांगणार काय? 'वर ये, बाकीचं वर सांगतो' एवढंच. आपल्याकडे आता तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातल्या दामगुंडम इथे नौदलाच्या दुसऱ्या व्हीएलएफ केंद्राची पायाभरणी १५ ऑक्टोबर २०२४ ला झाली. सुमारे २,९०० एकर राखीव जंगल त्यात जाणार म्हणून तिथल्या लोकांनी विरोधही केला. समुद्रापासून लांब, जंगलातल्या गावाला समुद्राचं देणं द्यावं लागतं, ते असं. १९४० साली धावपट्टी आली ते आमचं गाव हे समजू शकतं.

आता उरलेली अर्धी गोष्ट.

वर जे सगळं लिहिलं त्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ही तार फक्त ऐकते. संदेश येतो, उत्तर जात नाही. त्या सोळा किलोमीटरच्या लहरी निर्माण करायला ४७१ मीटरचे मनोरे लागतात, ते पाणबुडीवर कुठून आणणार? आणि दुसऱ्या मार्गाने बोलावं तर आपण कुठे आहोत ते शत्रूला कळतं. म्हणून ऐकायचं आणि गप्प राहायचं. शिवाय त्या अरुंद वाटेने जेमतेम काही अक्षरं जातात. ती आज्ञांसाठी. घरच्या सुखदुःखाला तिथे जागा कुठली? अमेरिकन आणि ब्रिटिश पाणबुड्यांवर घरच्यांना मोजक्या शब्दांचा निरोप पाठवता यायचा. ब्रिटिशांकडे एके काळी आठवड्याला चाळीस शब्द. पण तो आधी तपासला जायचा, मृत्यूसारखी वाईट बातमी गस्त संपेपर्यंत मागे ठेवली जायची, आणि उत्तर देण्याची सोय नव्हतीच. कठोर वाटतं. पण बातमी कळूनही ज्याला येता येणार नाही, बोलताही येणार नाही, त्याला ती सांगून काय करायचं, हाही प्रश्न आहेच.

जानेवारी १९९५ मध्ये त्या पोराचे वडील गेले. गावातून तार केली. तो त्या वेळी समुद्रात होता. दहावा झाला, तेरावा झाला, पोराचा पत्ता नाही. यात कोणाचाही दोष नव्हता. तार किनाऱ्यावर थांबलेली होती आणि तो पाण्याखाली होता. पण त्याच्या आईला ते कसं कळावं? तिला गुरुजींनी सांगितलं होतं, खबर पाण्याखालीही जाते. तिने हिशेब सरळ केला. खबर गेली, पोराने ऐकली, आणि तो आला नाही. बापाच्या मातीला आला नाही. ती माउली कोणाशी बोलेना. तो तेविसाव्या दिवशी आला, तेव्हा ती त्याच्या ताटासमोर बसली नाही.

मला हे कळलं ते त्याच्याकडूनच. तो संध्याकाळी घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, आई म्हणते तुम्हीच सांगितलं होतं." तक्रारीचा सूर नव्हता. मग मी त्याला विचारलं, तसं त्याने पुस्तकात छापलेलं असतं तेवढंच सांगितलं, खारं पाणी, लांब लहर, तरंगती तार. आपल्या बोटीबद्दल, कामाबद्दल एक शब्द नाही, आणि मीही विचारला नाही. शेवटी थोडा हसून म्हणाला, "बोडीत तुमची वायर वर आली होती ना गुरुजी, तशीच." मला त्याचं ते आठवीतलं वाक्य आठवलं. बोडीच्या गोड्या पाण्यात तो कदाचित चूक होता. तिथे रेडिओ वायरीशिवायही वाजला असता. पण समुद्राचं उत्तर त्याने तेरा वर्षांआधी काठावर उभं राहून दिलं होतं, आणि मी त्याला खाली बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्या माउलीसमोर बसलो आणि सांगितलं, "बाई, मी चुकीचं सांगितलं होतं. गोड्या पाण्याचं खाऱ्या पाण्याला लावलं. त्याला खबर मिळालीच नव्हती. मिळाली असती तर तो थांबला नसता." ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मंग त्यानं आयकलंच नव्हतं तं." आणि उठून पोरासाठी भाताला आधण ठेवलं.

ती बाई आता नाही. पोरगा निवृत्त होऊन गावाकडे धानाची शेती करतो. आमची भेट होते तेव्हा बोलणं पाऊसपाण्याचं होतं, तारेचं नाही. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की उत्तर चुकलं तर खोडून गप्प बसू नका, शेजारी बरोबर उत्तर लिहा. माझं हे एक उत्तर लिहायचं राहिलं होतं. उशीर झाला, पण लिहिलं. असो.